पिल्लू भाटी की बोका? रंगच सांगेल

काळ्या, केशरी आणि पांढऱ्या ठिगळांचे मांजर तुम्ही पाहिले असेलच. पुढच्या वेळी असे मांजर दिसले तर उचलून तपासायची गरज नाही. ती भाटी, म्हणजे मादीच आहे, असे बेधडक सांगा. हजारो मांजरांत एखादेच तुम्हाला खोटे पाडेल.

यात चमत्कार काहीच नाही. गुणसूत्रांचा साधा हिशेब आहे आणि तो आपल्या घरातही उपयोगी पडणारा आहे.

रंग कुठे असतो?

मांजराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. माणसात त्या २३ असतात. दोघांतही एक जोडी नर-मादी ठरवते. मादीकडे दोन 'एक्स' असतात, नराकडे एक 'एक्स' आणि एक 'वाय'. मांजराचा केशरी रंग ठरवणारे जनुक या 'एक्स'वरच असते. त्याचा एक प्रकार केस केशरी करतो, दुसरा ते काळे राहू देतो.

बोक्याकडे 'एक्स' एकच. त्यामुळे तो केशरी होईल किंवा काळा, दोन्ही नाही. भाटीकडे मात्र एका 'एक्स'वर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असे दोन्ही प्रकार असू शकतात. पांढरा रंग वेगळ्याच गुणसूत्रावरच्या जनुकामुळे येतो, म्हणून काळा-पांढरा बोका सर्रास दिसतो.

क्वचित एखादा बोका दोन 'एक्स' आणि एक 'वाय' घेऊन जन्मतो. तो तीन रंगांचा असू शकतो, पण त्याला बहुधा पिल्ले होत नाहीत.

ठिगळे का पडतात?

मग दोन रंग मिसळून एकच रंग का होत नाही? १९४९ मध्ये कॅनडात मरे बार यांना मादी मांजराच्या मज्जापेशींत एक गडद ठिपका दिसला. नराच्या पेशींत तो नव्हता. १९६१ मध्ये इंग्लंडच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगावरून कोडे सोडवले. मादीच्या गर्भात अगदी सुरुवातीलाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक 'एक्स' मिटवून टाकते. कोणता मिटायचा याला नियम नाही. मात्र त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या साऱ्या पेशी तोच निर्णय पाळतात. म्हणून कुठे केशरी ठिगळ, कुठे काळे.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एका तिरंगी मांजरीची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, जन्माला आली. जनुके सारी तीच, पण पिल्लाच्या अंगावर केशरी केस एकही नव्हता. केशरी 'एक्स' मिटलेलाच राहिला होता. २०२५ मध्ये जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी केशरी रंगाचे नेमके कारणही प्रसिद्ध केले. 'एक्स'वरचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडाच या मांजरांत गळालेला असतो.

बाप कोण?

रायपूरजवळची उरला औद्योगिक वसाहत घ्या. कारखाने, गोदामे आणि कामगारांची घरे असलेल्या अशा ठिकाणी मांजरे मोकळी फिरतात. समजा, तिथल्या एखाद्या घरी काळी मांजरी व्याली आणि एक पिल्लू तिरंगी निघाले. आईकडे केशरी नाही, म्हणजे तो रंग बापाचा. गोदामामागचा केशरी बोका पकडला गेलाच म्हणा! एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात, त्यामुळे बाकीच्यांचा बाप दुसरा असेल.

याच मांजरीची नर पिल्ले मात्र काळीच होणार, बाप केशरी असला तरीही. कारण मुलाला 'एक्स' फक्त आईकडून मिळतो. बापाकडून त्याला मिळतो तो 'वाय'.

दोष कुणाचा?

आता हाच हिशेब माणसाला लावा. आईकडे 'एक्स'च आहेत, ती 'एक्स'च देणार. बापाकडून 'एक्स' आला तर मुलगी, 'वाय' आला तर मुलगा. शाळेच्या पुस्तकात हे शिकून बाहेर पडलेली माणसेही दुसरी मुलगी झाली की सुनेलाच बोल लावतात. सासू टोमणे मारते, नवरा गप्प बसतो आणि कुणीतरी मुलगा होण्याचे 'खात्रीचे' औषध आणून देते. गर्भ राहतो त्याच क्षणी जे ठरून गेले, ते कुठलीही पुडी, अंगारा किंवा नवस बदलू शकत नाही.

म्हणून आता सारा दोष नवऱ्याच्या माथी मारायचा, असेही नाही. कोणते बीज आधी पोहोचेल हे त्याच्याही हातात नसते. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पण घरातल्या टोमण्यांवर कायदा चालत नाही. तिथे नवऱ्यानेच तोंड उघडायला हवे. आईसमोर बसून एकदा स्पष्ट सांगावे, "आई, यात तिचा काही संबंध नाही. मुलगी माझ्याकडून आली आहे आणि मला ती हवी आहे."