ब्रास मोजता, पाणी कोण मोजणार?

अंबरनाथ पश्चिमेला उतरा. विमको नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा. कल्याण-बदलापूर रस्त्यानं डंपर जातो. त्याच्या ढुंगणाला दुसरा. वर फाटकी ताडपत्री, खाली गळती खडी आणि तुमच्या तोंडावर भुकटी. तुम्ही नाकाला रुमाल लावता, एक शिवी हासडता, लोकल पकडता. संपलं! पण दोस्तांनो, त्या डंपरात नुसती खडी नाही. कुणाच्या तरी विहिरीचा झरा त्यात भरून चाललाय.

हे कवीचं बोलणं नव्हे. नीट ऐका. आपला हा सगळा मुलूख काळ्या कातळाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर बसले, त्याचा हा दगड. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरुमात, आणि खालच्या भेगाफटींत. या पट्ट्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण अडवला नाही तर तो उतारावरून उल्हास नदीला मिळतो आणि खाडीत जातो. त्याला धरून ठेवणारं आपलं गोणपाट एकच, हा मुरूम. आणि ठेकेदार आधी काय उचलतो? मुरूम! भरावाला. मग सुरुंग लावून कातळ फोडतो. खड्डा शेजारच्या विहिरीच्या तळाखाली गेला की पाणी उतार शोधतं, विहिरीची वाट सोडून खाणीत झिरपतं. खाणवाला पंप लावून ते ओढ्यात फेकतो. त्याला कोरडा दगड पाहिजे ना!

क्रशरची भुकटी उरली. ती भाताच्या पातीवर बसते, पातीला ऊन लागू देत नाही. पावसात वाहून खाचरात येते आणि मातीवर लेप चढवते. शेतकऱ्याचं वरचं पीक गेलं, खालचं पाणी गेलं. हातात सातबारा राहिला. चाटा तो!

विहीर आटली की ज्याची ऐपत आहे तो बोअर मारतो, टँकर मागवतो. बौद्धवाड्यानं काय करायचं? कातकरी वाडीनं काय करायचं? तिथली बाई डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्या विहिरीवर जाते आणि त्या विहिरीवर तिला आजही डोळे वटारून बघणारे आहेत. पाण्याची टंचाई आली की जात आपोआप वर येते. हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागत नाही.

आता कायदा बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48. खनिजावर हक्क सरकारचा. त्यावर सरकार ब्रासच्या हिशेबानं रॉयल्टी घेतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दगड घनफुटानं मोजतात, डंपर मोजतात, पावत्या मोजतात. आणि पाणी? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. खाणीच्या बांधाला लागून असलेली तुमच्या मामाची विहीर त्यात आहे का, विचारा!

1993 च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली होती. म्हणजे विहीर खोदणारा शेतकरी गुन्हेगार आणि विहिरीपेक्षा खोल खड्डा मारणारा उद्योजक! 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, 5 हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. कारण मोठ्या खाणीचे तुकडे पाडून कायद्याच्या जाळ्यातून निसटायचा धंदा चालला होता. केंद्र सरकारनं काय केलं? 15 जानेवारी 2016 ला अधिसूचना काढून लहान खाणींचा कारभार जिल्ह्याच्या समितीकडे दिला आणि जनसुनावणीला फाटा दिला. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्यांचा कान धरावा लागला. ज्यांची विहीर जाणार त्यांनाच विचारायचं नाही, ही यांची लोकशाही!

कोणी शहाणा म्हणेल, खाण बंद केली तर वडार उपाशी मरेल. तुमच्या चाळीचा स्लॅबही खडीचाच ना? बरोबर आहे. दगड फोडणारे हात आपले आहेत. स्टेशनच्या पूर्वेला 1060 सालचं शिवमंदिर उभं आहे. ते याच काळ्या दगडाचं. राजाचं नाव शिलालेखात राहिलं, पाथरवटाचं कुठं आहे? आजही मालकाचं नाव पाटीवर आणि वडाराचं नाव हजेरीपटावरसुद्धा नाही. म्हणून आमची मागणी खाणी सरसकट बंद करा अशी नाही. आमची मागणी आहे: विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली एक फूटही खोदायचं नाही. परवान्याआधी आजूबाजूच्या सगळ्या विहिरी मोजा, दरवर्षी पुन्हा मोजा, आकडे ग्रामसभेत वाचा. पाणी उतरलं की परवाना रद्द. कामगाराचं नाव हजेरीपटावर आणि अंगावर विम्याचं छत्र. खाणबाधितांच्या नावानं जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमणारा पैसा आधी त्यांच्या पाण्यावर खर्च करा.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा पाणी होतं, हक्क नव्हता. आज हक्क कागदावर आहे आणि तळाशी पाणीच नाही. विहीर सगळ्यांना खुली केली आणि खालून रिकामी केली!

तेव्हा येत्या रविवारी नाक्यावर चहा पीत क्रांतीच्या गप्पा मारू नका. गावाकडं जा. एक दोरी घ्या, तिला हाताहातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. विहिरीत सोडा. किती गाठी कोरड्या, ते वहीत लिहा. तारीख घाला. साक्षीला म्हातारीचा अंगठा घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. सरकारकडे ब्रासचा हिशेब आहे. आपल्याकडे गाठींचा हिशेब पाहिजे. तो घेऊन एक दिवस तहसील कचेरीवर जायचं आहे.

जय भीम!