शिरोड्याचे मीठ आणि सारायेव्होपूर्वीचा युरोप

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या झाली आणि जग महायुद्धात ओढले गेले, एवढे सांगून युद्धपूर्व इतिहास उरकण्याची रीत पडली आहे. त्या मुत्सद्देगिरीशी शिरोड्याचा संबंध जोडणे म्हणजे निव्वळ ओढाताण, असेही मानले जाते. हा समज टिकणारा नाही.

त्या काळी बलाढ्य राष्ट्रे तोफा डागण्याआधी दुर्बलांची तिजोरी आवळत. या डावाचे एक केविलवाणे सावज म्हणजे पोर्तुगाल. आणि पोर्तुगालची हद्द शिरोड्याच्या दक्षिणेस, रेडीपलीकडे, तेरेखोलच्या किल्ल्यापाशी सुरू होत होती.

ब्रिटिशांनी मिठावर जबर कर लादला होता. १८७९ मध्ये हिंदुस्थानच्या अंतर्भागातील जकात-रेषा, तिच्या काटेरी कुंपणासह, मोडीत निघाली. कारण मीठ आता उत्पादनाच्या जागीच सरकारच्या मुठीत येत होते. गोव्याचे स्वस्त मीठ तेवढे मुठीबाहेर राहिले होते. ते छिद्र बुजवणारा करार २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झाला. वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात पोर्तुगालने गोव्यातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांच्या हाती सोपवले. मुरगाव बंदरातून निघणाऱ्या रेल्वेचे आमिष होतेच. अनेक मिठागरे बंद पडली आणि मीठ पिकवणाऱ्या गोव्यातच मीठ महागले. इंग्लंड हा पोर्तुगालचा चौदाव्या शतकापासूनचा मित्र, हे येथे विसरू नये!

करार १८९२ मध्ये संपला. दडपण संपले नाही. ११ जानेवारी १८९० रोजीच लंडनने लिस्बनला निर्वाणीचा खलिता धाडून अंगोला व मोझांबिक यांच्यामधील प्रदेशातून माघार घ्यायला लावली होती. १८९२ मध्ये पोर्तुगालला कर्जाचे पूर्ण व्याजही देता येईना. ३० ऑगस्ट १८९८ रोजी ब्रिटन आणि जर्मनी यांनी गुप्तपणे ठरवले, की पोर्तुगालला कर्ज द्यायचे झाल्यास दोघांनी मिळून द्यावे आणि अंगोला, मोझांबिक व तिमोर येथील जकातीचे उत्पन्न तारण घ्यावे. पोर्तुगालचा डोलारा कोसळलाच, तर वसाहतींची वाटणीही ठरली होती. पुढच्याच वर्षी विंडसर येथे ब्रिटनने त्याच पोर्तुगालला वसाहतींच्या रक्षणाचे जुने वचन पुन्हा दिले. १९१३ मध्ये ग्रे आणि लिख्नोव्स्की यांनी वाटणीचा सुधारित मसुदा तयार केला. ग्रे यांना तो प्रसिद्ध करायचा होता, बर्लिनला नको होता. अंतिम सही राहून गेली.

या वाटणीत गोवा नव्हता, हा आक्षेप खरा आहे. पण उत्पन्नाचे साधन ताब्यात घेऊन सार्वभौमत्व पोकळ करण्याचा प्रयोग गोव्याच्या मिठावर वीस वर्षे आधीच होऊन गेला होता. १९१६ मध्ये ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे जप्त केली, आणि ९ मार्चला जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले. वाटणीचा मसुदा करणाऱ्या मित्रासाठी पोर्तुगीज सैनिक मग फ्लँडर्सच्या खंदकांत मेले.

मे १९३० मध्ये सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांत उतरले. ‘दांडीचे अनुकरण’ एवढ्या दोन शब्दांत ही घटना गुंडाळणाऱ्यांनी तेरेखोलच्या दिशेने एकदाही पाहिलेले नसते. जी मक्तेदारी अबाधित राहावी म्हणून पलीकडची परकी मिठागरे चार लाखांच्या मोलाने बंद पाडली गेली, तीच मक्तेदारी हे लोक अलीकडच्या काठावर मूठभर मीठ उचलून मोडत होते.