पत्रा ठोकणाऱ्याच्या बाजूने

यंदा दसऱ्याला मी मोटारीची पूजा केली, हार घातला, चाकाखाली लिंबे ठेवली, आणि पुढच्या पाच मिनिटांत तीच मोटार मागे घेताना सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर घातली. चूक सर्वस्वी माझी. हारामुळे मागचे दिसले नाही, अशी सबब मी सांगून पाहिली. पण हार पुढे बॉनेटवर होता, हे साऱ्या शेजाराने पाहिले होते.

मोटार वडिलांची, १९७४ सालची. त्याच साली कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. आमच्या घरात मात्र ती आजतागायत ‘फियाट’च आहे. मागच्या मडगार्डाला परातीएवढा पोचा आला आणि दिवा फुटला. एवढीच काय ती दुखापत. पण त्या दिवसापासून माझ्या घरी सांत्वनाला जी मंडळी येऊ लागली, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

मेहुणे म्हणाले, “भावोजी, भंगारात द्या. सणाला नवी घ्या.” एका चकचकीत वर्कशॉपात गेलो, तर तिथल्या तरुणाने पोच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. संगणकात पाहिले आणि म्हणाला, “हा पार्ट मिळत नाही. गाडी दुरुस्त होणार नाही.” मी विचारतो, ‘मिळत नाही’ आणि ‘दुरुस्त होत नाही’ ही दोन वाक्ये एक कधीपासून झाली? आजीच्या पातेल्याला आपण कल्हई लावून घेत होतो, की दर वर्षी नवी आजी आणत होतो?

तिसरे एक स्नेही फार हळवे. त्यांचा सल्ला असा, की २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी. पण तशी नोंदली, की ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे तिला जिवंतपणी देव्हाऱ्यात बसवायची! धुराचा आक्षेप कुणी घेतला, तर तो मात्र मी मुकाट्याने ऐकतो. तो खरा आहे. म्हणूनच गाडी रविवारी तेवढी निघते आणि दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात परीक्षेला बसते. पण पोचा काही धूर सोडत नाही.

शेवटी कुर्ल्यालाच एका गल्लीत म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पोच्यावरून नुसता तळहात फिरवला, नजर भलतीकडेच. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने हळूहळू ठोकत त्यांनी पत्रा कडेकडून मध्यावर आणला. मार लागला, की पत्रा ताणून वाढतो. तो वाढलेला पत्रा गॅसच्या ज्योतीने लाल करायचा आणि ओल्या फडक्याने विझवायचा, म्हणजे आकसतो. मी म्हटले, “लांबी भरून सारखे केले असते, तर लवकर झाले नसते?” ते म्हणाले, “लांबीने खड्डा झाकतो, जात नाही. दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटेल.” चार दिवस लागले. लांबी लागली ती नखाएवढी.

त्यांचे बहुतेक काम टॅक्सींचे होते. वीस वर्षांची मुदत भरत भरत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तसे तेही गेले. मुलगा हातोडी धरीत नाही. मोटारसायकलवरून लोकांची पार्सले पोचवतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने देऊ? पोचा दिसताच अख्खे दार बदलणारे आपण. मिस्त्रीच्या पोराने कुणाचा पत्रा ठोकायचा? आणि उद्या तुमच्या नव्या गाडीचाही ‘पार्ट’ मिळेनासा होईल, तेव्हा तो तळहात कुठून आणाल?

पैसे मोजून घेताना मिस्त्रींनी मडगार्डावरून पुन्हा एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “साहेब, पुढच्या दसऱ्याला आधी गाडी मागे घ्या, मग नारळ फोडा.”