देशी खेळ बंदीने जगत नाहीत

क्रिकेटपायी खो-खो व हुतूतू बुडाले, सबब शाळेत क्रिकेटच बंद करावे, असे सोयगावचे कित्येक पालक आम्हांस सुचवितात. त्यांची तळमळ आम्हांस मान्य आहे. उपाय मात्र मान्य नाही.

आयर्लंडात १८८४ साली मायकेल क्यूसॅक नामक एका शिक्षकाने पुढाकार घेऊन देशी खेळांची संस्था काढविली. हर्लिंग व गेलिक फुटबॉल यांस तिने नियम घालून दिले. गावोगाव मंडळे उभी राहिली. क्रिकेट, रग्बी आदी परके खेळ खेळण्यास तिने सभासदांस मनाईही केली होती. ती मनाई १९७१ साली उठली. तथापि देशी खेळांची मैदाने ओस पडली नाहीत! त्यांचे बळ मनाईत नव्हते, गावोगावच्या मंडळांत होते.

आपल्याकडेही हेच दिसते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे हुतूतू खेळून दाखविला. तो कोणाचा खेळ बंद पाडून नव्हे, तर नित्य तालमीच्या जोरावर. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात २०२५ साली भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच : बंदी मागू नका, वेळ द्या. खो-खोस दोन खांब व मोकळी जागा पुरते. सायंकाळचा एक तास मुलांस द्या. आणि घरकामासाठी मुलींस त्या तासापुरते तरी अडवू नका.