सेवाशिबिराची वाट मुरबे गावाकडे

नाताळ जवळ आला अथवा मे महिन्याची सुटी लागली की वसईच्या धर्मग्रामांत सेवाशिबिरांची लगबग सुरू होते. कपडे, तांदूळ, वह्या गोळा होतात आणि आपले युवक पालघर, डहाणू, तलासरीकडील आदिवासी मिशन केंद्रांकडे निघतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत गेल्यापासून सकाळी जाऊन रात्री घरी परतणेही सोपे झाले आहे. सोय चांगलीच, पण तिच्यामुळे भेटीची सहल होऊ लागली, हेही खरे.

धर्मगुरू इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना स्पष्ट सुनावले होते, की पाहायला या, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. ज्यांची भाषाही येत नाही, त्यांच्या गरजा तुम्ही कशा ठरवणार, हा त्यांचा सवाल होता. आपल्या युवकांना भाषेची अडचण नाही, म्हणून इलिच यांची टीका आपल्याला अर्धीच लागू पडते. उरलेली अर्धी मात्र बोचते. काय न्यायचे, हे आपणच वसईत बसून ठरवतो.

बोईसरला उतरून समुद्राकडे वळले की मुरबे हे मच्छीमारांचे गाव लागते. येथे खासगी बंदर प्रस्तावित आहे आणि २०२५ मधील जनसुनावणीत मच्छीमारांनी त्यास तीव्र विरोध केला. उत्तरेस वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, ती आठवण या किनाऱ्यावर अजून ताजी आहे. अशा गावाला जुन्या कपड्यांचे गाठोडे नेऊन काय साधणार?

मुरब्यात आपले लोक किती, असे कोणी विचारील. पाचूबंदर, नायगावचे आपले कोळी बांधव याच समुद्रावर जगतात. मासळीला धर्मग्रामाची हद्द ठाऊक नसते. शिवाय २००५ च्या नाताळदिनी स्वाक्षरित केलेल्या 'देऊस कारितास एस्त' या परिपत्रकात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी सांगितले आहे, की प्रीती विनामूल्य असते, ती अन्य हेतू साधण्याचे साधन नव्हे. सेवेकडे संशयाने पाहिले जाण्याच्या दिवसांत हे वचन युवकांनी बरोबर ठेवावे.

आता, न्यायचे काय? पर्यावरणविषयक २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण खरा तपशील असतो तो मूळ इंग्रजी अहवालाच्या शेकडो पानांत. ती पाने वाचून मराठीत समजावून सांगणारा पदवीधर आज वसईच्या जवळपास प्रत्येक घरात आहे. ज्या समाजाने १९१८ साली स्वतःची सहकारी पतसंस्था उभारली आणि ती पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून वाढवली, त्याला कागदांची भीती वाटू नये. बंदर व्हावे की न व्हावे, हे गावकऱ्यांनी ठरवावे. पाहुण्याने घोषणा देऊ नयेत. अहवालात काय लिहिले आहे, एवढे मात्र त्यांना समजले पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी भेटतात. आपली शिबिरे मात्र मे अखेरीसच आटोपलेली असतात.