तिसरी पिन

अमेरिकेहून कुणी नातेवाईक सुट्टीवर आले की गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "आमच्याकडे बाबा ११० व्होल्टच, शॉक लागला तरी काही होत नाही!" काका-मामा मान डोलावतात आणि विषय आंब्यांकडे वळतो.

मला हे मुळीच पटत नाही. एक तर तिकडे खांबावरून घरात २४० व्होल्टच येतात. मधोमध न्यूट्रल काढून त्याचे १२०-१२० असे दोन भाग करतात. कपडे वाळवायच्या मशीनला आणि विजेच्या शेगडीला पूर्ण २४० मिळतात. दुसरं म्हणजे ओल्या अंगाचा विरोध १००० ओहम धरला, तर १२० व्होल्टला शरीरातून १२० मिलिअँपिअर जातील. जीव जायला त्याहून कमी पुरतात. आपले २३० व्होल्ट जास्त धोक्याचे, हे खरंच. पण तिकडच्या माणसाला वाचवतात ती बाथरूममधल्या सॉकेटवरची 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन छोटी बटणं! सुमारे ५ मिलिअँपिअर गळले की ते सॉकेट बंद पडतं. १९७५ पासून तिथल्या वायरिंगच्या नियमावलीत बाथरूमसाठी ही सोय आहे. पाहुण्यांनी ती बटणं रोज पाहिलेली असतात, श्रेय मात्र व्होल्टला!

आता आपल्याकडचं. "आमच्याकडे एमसीबी आहेत की," असं लोक अभिमानाने सांगतात. अहो, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६००० मिलिअँपिअर! माणसासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी लागतो, आणि त्याच्या जोडीला चांगलं अर्थिंग.

आपल्या प्लगची वरची पिन लांब असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा, म्हणून. पण जुन्या इमारतींत कित्येकदा त्या भोकामागे वायरच नसते. (आणि वायर असली तरी दोन पिनांचा चार्जर घालायला आपण त्या भोकात पेनाची रिफिल खुपसतो!) जपानमध्ये बहुतेक सॉकेट दोनच भोकांची, मग आपल्यालाच तिसरी कशाला, असंही एकाने मला ऐकवलं. तिथे १०० व्होल्ट आहेत, आणि तरीही वॉशिंग मशीनला वेगळी हिरवी वायर असते. ती सॉकेटजवळच्या अर्थच्या स्क्रूला जोडायची असते.

माझी मावशी पुण्यात १९७० च्या दशकातल्या इमारतीत एकटी राहते. बाथरूमच्या टाइल्स नुकत्याच बदलल्या, नवा गीझर आला. अर्थिंग तपासलं का, या प्रश्नाला उत्तर मिळालं, "वायरमन म्हणाला, सगळं ओके." टाइल्सचा रंग निवडायला दोन रविवार गेले होते!

काही वायरमन अर्थ मिळाला नाही की त्या पिनेची वायर न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. रोजच्या वापरात काहीच कळत नाही. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली, की गीझरची अख्खी बॉडी फेजला येते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून खात्री करून घेतली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. न्यूट्रलला जोडलेल्या अर्थवरही तो दिवा झकास लागतो. मावशीकडे मी वायरमनला बोर्ड उघडून वायर थेट अर्थच्या पट्टीपर्यंत दाखवायला सांगणार आहे. आणि आरसीसीबीचे पैसे मी देणार, हे तिला आधीच बजावलंय.