पाळीच्या कळांवर लग्नाचा उतारा!

सकाळच्या गर्दीत भाईंदर स्टेशनवर महिलांच्या डब्यात एक मुलगी ओटीपोट दाबून दांड्याला धरून उभी असते. पर्समध्ये मेफ्टाल स्पासची अर्धी संपलेली पट्टी आणि पदरी एकच सल्ला: ‘लग्न झालं की थांबेल, मूल झालं की बरं वाटेल.’ आजीने दिला तर तो अज्ञान म्हणून सोडून देऊ. पदवीधर डॉक्टरने दिला तर त्याला क्षमा नाही!

अशा कळांमागे एंडोमेट्रिओसिस हा रोग असू शकतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजांडकोशावर, आतड्यांवर वाढतात. 1927 साली अमेरिकेचे डॉक्टर सॅम्पसन यांनी त्याची उपपत्ती मांडली. 1940 च्या दशकात बोस्टनचे डॉक्टर मेग्ज यांनी लवकर लग्न आणि लवकर मूल हाच उपाय सांगितला. 1970 च्या दशकात डॅनॅझॉल हे औषध आले. पोटातली कळ शमवताना किती जणींच्या चेहऱ्यावर केस उगवले, आवाज घोगरे झाले! हिला मूल होईल का, याचीच विज्ञानाला चिंता. हिला दुखते किती, हे विचारायला कोणाला सवड होती?

तो सल्ला आता विज्ञानानेच मोडीत काढला आहे. निव्वळ इलाज म्हणून गर्भधारणा सुचवू नका, असे युरोपीय तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना बजावतात. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, हा हेकाही त्यांनी सोडला. 2023 साली या रोगाशी निगडित 42 जनुकीय स्थाने पुढे आली आणि त्याचे नाते अर्धशिशी, पाठदुखीशीही जुळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रिया याने ग्रासल्या आहेत. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय रुग्णांचा अभ्यास हाती घेतला आहे. परळला कामाला गेलेली बाई रात्री भाईंदरला पोहोचते. मग परळचे ज्ञान का पोहोचू नये?

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. मीरा-भाईंदर महापालिकेच्या दवाखान्यांत आणि भाईंदर पश्चिमेच्या भीमसेन जोशी रुग्णालयात पाळीच्या वेदनेसाठी स्वतंत्र ओपीडी हवी. या रोगावरच्या डिएनोजेस्टच्या गोळ्या तिथे मोफत मिळाल्या पाहिजेत. उत्तनच्या कोळीवाड्यापासून काशिमिऱ्यापर्यंत आशाताईंना या रोगाची लक्षणे शिकवा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून कोणाही मुलीला ‘नाटक करते’ असा शिक्का मारून घरी धाडू नका!

आणि आयांनो, पोरगी दर महिन्याला कॉलेज बुडवून अंथरुणात तळमळत असेल, तर स्थळ बघण्याआधी तिचे ऐकून घेणारा स्त्रीरोगतज्ज्ञ बघा!